फाट्यापर्यंत आलेला डॉक्टर

आळेफाट्याच्या चौकात रात्री आठ-नऊच्या सुमारास उभं राहिलं, की पाट्या वाचता वाचता मान अवघडते. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग इथं एकमेकांना छेदतात. (नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण जिभेची सवय जात नाही.) बालरुग्णालय, अस्थिरोग, प्रसूतिगृह, डोळ्यांचा दवाखाना, सोनोग्राफी, एक्स-रे, चोवीस तास मेडिकल. एकदा मी त्या मोजायला घेतल्या आणि कंटाळून नाद सोडला. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, याच फाट्यावर चहाचं एक हॉटेल, सायकलचं एक दुकान आणि एसटीची वाट बघणारी माणसं एवढंच होतं. आजारी माणसाला फाट्यावर आणायचं, ते एसटीत घालून दुसरीकडं न्यायला.

म्हणजे डॉक्टर आले. मग तक्रार कसली, असं कोणी विचारील. तक्रार दिसते ती ओतूरच्या बाजूनं येणाऱ्या जीपमध्ये. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात कोपरे, मांडवे, मुथाळणे, तळमाची अशी गावं आहेत. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरकडं, तशीच गावं आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. तिथलं अडलेलं बाळंतपण, तिथला साप चावलेला माणूस, तापानं फणफणलेलं पोर, सगळं जीपमध्ये घालून खाली आणायचं. एका गावात विचारलं, एका केंद्रात विचारलं, पुढं जा म्हणाले, असं करत ती जीप या पाट्यांच्या उजेडात येऊन थांबते. तोवर जो वेळ गेलेला असतो तो कुठल्याही यंत्रानं परत मिळत नाही.

डॉक्टर फाट्यापर्यंत आला, पण फाट्याच्या पुढं का गेला नाही? याचं उत्तर आपण सहसा रस्त्यात, पगारात किंवा डॉक्टरांच्या स्वभावात शोधतो. मला ते इतिहासात शोधावंसं वाटतं. मी शाळेत इतिहास शिकवला हे एक कारण झालं. दुसरं कारण घरचं आहे. माझे वडील कंपाउंडर होते.

त्यांच्याकडं वळण्याआधी थोडं मागं जाऊ. अलेक्झांडर गिब्सन नावाचा कंपनी सरकारच्या नोकरीतला एक सर्जन १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक झाला. त्याआधी तो दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर हिंडलेला होता. त्याच्याच देखरेखीखाली आमच्या जुन्नर तालुक्यात, हिवरे इथं, सरकारची आणखी एक बाग होती. तिथं सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती लावत आणि तयार औषधी माल सरकारच्या वैद्यकीय भांडाराकडं जाई. औषध आमच्या मातीत पिकत होतं आणि ते घेणारे रोगी प्रामुख्यानं लष्करी छावण्यांत आणि शहरांत होते. पुढं याच तालुक्यांत पाण्याचं काय झालं ते सांगताना मला ही बाग आठवते, म्हणून आधीच नोंदवून ठेवली.

पुण्यात ससून रुग्णालय उभं राहिलं १८६७ मध्ये. त्याच्या आवारात १८७० च्या दशकात बैरामजी जीजीभाई यांच्या नावानं वैद्यकाची शाळा निघाली. ही शाळा होती, कॉलेज नव्हतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून विद्यापीठाची पदवी घेतलेले डॉक्टर बाहेर पडत. शाळांमधून त्याहून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले लायसेन्शिएट बाहेर पडत. मुंबईत १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाल्यावर आपल्याकडच्या लायसेन्शिएटांच्या नावापुढं एल.सी.पी.एस. ही अक्षरं लागू लागली. जुन्या माणसांना ती पाटी आठवत असेल. शहरात पदवीधर डॉक्टरांपुढं या मंडळींचा फारसा टिकाव लागत नसे. मग ते तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या गावी जाऊन बसत. मुद्दाम ठरवून त्यांना कोणी खेड्यात पाठवलं नव्हतं. शहरात जागा नव्हती म्हणून ते आमच्याकडं आले.

आमच्या बाजारगावातही असे एक डॉक्टर होते. पुण्याच्या शाळेत शिकलेले, एल.सी.पी.एस. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९४९ मध्ये त्यांच्याकडं कामाला लागले. शिक्षण मराठी सातवी. सुरुवातीला झाडलोट आणि बाटल्या धुणं, मग पुड्या बांधणं, मग मिक्स्चर करणं. मोठमोठ्या बरण्यांत तयार मिक्स्चर असे, लाल, पिवळं आणि एक पांढुरकं. रोग्यानं बाटली घरून आणायची. अण्णा ती भरत आणि कागदाची पट्टी कातरीनं कंगोरे पाडून डिंकानं बाटलीला चिकटवत. एक कंगोरा म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते बरोबर कळे. काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळायची, सुया दगडावर घासून धार लावायची, ही कामं मी स्वतः पाहिली आहेत. पैसे नसले तर डॉक्टरसाहेब वहीत लिहून ठेवत आणि सुगीला बाजरीचं पोतं येई.

या डॉक्टरांचं उगाच गोडवं गाणारं चित्र मला काढायचं नाही. ते बाजारपेठेत बसले होते, डोंगरात नव्हते. पश्चिमेकडची माणसं रोग्याला झोळीत किंवा खाटेवर घालून आणत, तेव्हाच त्यांची गाठ पडे. दवाखान्याच्या ओट्यावर कोणी बसायचं आणि पायरीखाली कोणी उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं, आणि ते ठरलेलं डॉक्टरसाहेबांनी मोडलं नाही. तरी रात्री दार ठोठावलं तर उघडणारा, शिकलेला, नोंदणी झालेला एक माणूस त्या गावात होता. आज फाट्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत गेलं, तर असं म्हणता येईल अशी गावं किती?

आता १९४६ सालाकडं येतो, कारण माझ्या मते गाठ तिथं आहे.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा म्हणून तो ओळखला जातो. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून साधारण साडेसत्तेचाळीस हजार डॉक्टर होते, म्हणजे सुमारे ६,३०० लोकांमागे एक. या डॉक्टरांपैकी जवळपास तीस हजार लायसेन्शिएट होते. बहुतेक डॉक्टर शहरांत एकवटले आहेत, हेही समितीनं स्पष्ट लिहिलं. तिचा तोडगा दोन भागांचा होता. पहिला भाग असा, की यापुढं डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, पूर्ण पदवी घेतलेला. लायसेन्शिएटांचे अभ्यासक्रम बंद करावेत. दुसरा भाग असा, की सरकारनं गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी आरोग्यसेवा उभी करावी, तिथं या डॉक्टरांना पगारी नेमावं आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. सुरुवात म्हणून ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर असावेत, असं अहवालात होतं.

समितीतल्या काही सदस्यांनी पहिल्या भागावर भिन्न मत नोंदवलं. पदवीधर डॉक्टर पुरेसे तयार होईपर्यंत लायसेन्शिएट बंद करू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. बहुमत मात्र दुसऱ्या बाजूला होतं. ती बाजू चुकीची होती असं मी म्हणणार नाही. शहराला पूर्ण डॉक्टर आणि खेड्याला अर्धा डॉक्टर, हे कोणत्या न्यायात बसतं? स्वातंत्र्य दारात उभं असताना असा भेद कायद्यानं पक्का करणं कोणाही विचारी माणसाला खटकलं असतं.

पुढं घडलं ते असं. पहिला भाग चटकन अमलात आला. पुण्याच्या त्या वैद्यकाच्या शाळेचं १९४६ मध्येच बी. जे. मेडिकल कॉलेज झालं. दुसऱ्या भागाला पैसा लागत होता, तो रेंगाळला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची सुरुवात २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास कार्यक्रमाबरोबर झाली खरी, पण ती एका विकासगटाला एक केंद्र अशी, आणि विकासगटाची लोकसंख्या ४० हजारांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे खेड्याकडं जाणारा डॉक्टर तयार करणं थांबवलं आणि नव्या डॉक्टरला खेड्यात नेणारी व्यवस्था अर्ध्यावर सोडली. अर्धा डॉक्टर नको म्हणताना, बऱ्याच गावांच्या वाट्याला तोही राहिला नाही.

त्याच १९४६ साली ब्रिटनच्या पार्लमेंटनं राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा केला, म्हणून तुलना करायचा मोह होतो. तिथं १९४८ पासून फॅमिली डॉक्टरांची 'प्रॅक्टिस' विकायला बंदी झाली आणि एक समिती नेमली गेली. ज्या भागात पुरेसे डॉक्टर आहेत तिथं सरकारी सेवेतला नवा डॉक्टर ती बसू देत नसे. कमी डॉक्टरांच्या भागात जा अशी सक्ती नव्हती, जिथं गर्दी आहे तिथलं दार बंद होतं, एवढंच. ही समिती सुमारे अर्धशतक चालली. तरीही विषमता पुरती गेली नाही. वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसाखाणीच्या गावात आयुष्य घालवलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. जिथं आजार जास्त तिथं चांगले उपचार कमी, आणि बाजाराला जितकी मोकळीक तितकं हे व्यस्त प्रमाण वाढतं, असा त्यांचा सिद्धान्त. आमच्याकडं तर बाजाराला पूर्ण मोकळीक होती.

डॉक्टरसाहेब १९७४ मध्ये वारले. त्यांचा मुलगा एमबीबीएस झाला होता आणि पुण्यात स्थिरावला होता. तो मोठ्या मनाचा माणूस, दोन वेळा येऊन दवाखाना चालवता येतो का हे त्यानं पाहिलं. पण त्याचं शिक्षणच मोठ्या रुग्णालयात झालेलं. तपासणीला प्रयोगशाळा नाही, भूल द्यायला माणूस नाही, एक्स-रे नाही, मी इथं करू काय, असं तो अण्णांना म्हणाला. बाप लायसेन्शिएट आणि गावात, मुलगा पदवीधर आणि शहरात. भोर समितीच्या शिफारशीचा परिणाम मी असा एकाच घरात पाहिला.

दवाखान्याला कुलूप लागलं आणि लोक आमच्या घरी येऊ लागले.

हे सांगायला मला पुष्कळ वर्षं जड गेलं. अण्णांकडं कसलंही प्रमाणपत्र नव्हतं. पंचवीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून जे कळलं तेवढंच. ते तापाच्या गोळ्या देत, जखमा धूत, आणि इंजेक्शनही देत. कायद्यानं तो गुन्हा होता हे त्यांना ठाऊक होतं. मी बी.एड. करत होतो तेव्हा त्यांना बोललोही. ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर ते कुठं जातील, तेवढं सांग." मला सांगता आलं नाही.

१९७८ च्या पावसाळ्यात ओतूरच्या वरच्या एका वाडीतून चौघांनी एका मुलाला घोंगडीच्या झोळीत आणलं. दहा-अकरा वर्षांचा असेल. भात लावणीत साप चावला होता. डोळ्यांच्या पापण्या मिटत चाललेल्या. मुलाचा बाप अण्णांच्या पायाशी बसून म्हणाला, "अण्णा, येक सुई मारा, पोरगं उठंल." सापाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होते, ती आपल्याकडं नाही आणि दुसऱ्या सुईनं काही होणार नाही, हे अण्णांनी त्यांना तीन-तीनदा सांगितलं. सुई मारली नाही. दुधाची गाडी थांबवून त्यांना पुढं पाठवलं. मुलगा वाटेत गेला. नंतर कित्येक महिने वरच्या वाड्यांमध्ये बोललं जात होतं, की कंपाउंडरनं पैशासाठी सुई मारली नाही. अण्णांनी त्याचा खुलासा कधी केला नाही. इंजेक्शनचा डबा मात्र त्यांनी माळ्यावर टाकला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २००१ च्या जनगणनेत ज्यांनी स्वतःला अॅलोपॅथीचे डॉक्टर म्हणवलं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांकडं वैद्यकीय शिक्षणच नव्हतं, असं त्यात होतं. ग्रामीण भागात तर शिक्षण असलेल्यांचं प्रमाण १८.८ टक्के. वर्तमानपत्रांत 'बोगस डॉक्टर' म्हणून मथळे आले. आकडे खोटे नव्हते. पण मला त्या टक्केवारीत अण्णा दिसत राहिले.

रिकामी जागा आणखी एका मार्गानं भरली गेली. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्यानं वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली होती. महाराष्ट्रात १९६१ मध्ये नवा कायदा आला. १९९२ मध्ये राज्य सरकारनं आयुर्वेदाच्या ठरावीक पदवीधरांना आधुनिक औषधं वापरायला मुभा दिली. होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलला. या सगळ्यावर डॉक्टरांच्या संघटनांचा राग आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. पण डोंगरातल्या प्राथमिक केंद्रात खुर्चीवर कोण बसलेलं असतं, हे पाहिलं तर पुष्कळ ठिकाणी बी.ए.एम.एस. झालेला मुलगा किंवा मुलगीच दिसेल. हाही एक प्रकारे लायसेन्शिएटच, मागल्या दारानं परत आलेला. छत्तीसगडनं २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून पुढल्या दारानं आणायचा प्रयत्न केला, तो काही तुकड्यांनंतर बंद पडला. आसामनं तसाच कायदा केला, तो २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही.

मग फाट्यावरच्या एवढ्या पाट्या आल्या कुठून? त्या पाण्यामागून आल्या. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं जुन्नर-आंबेगावात आहेत. पाणी पडतं पश्चिमेच्या डोंगरात, साठतं त्यांच्या पायथ्याशी आणि कालव्यानं जातं पूर्वेला, पार श्रीगोंदा-कर्जत-करमाळ्यापर्यंत. डिंभ्याच्या जलाशयात तर ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गावच बुडालं. पूर्वेला ऊस, द्राक्षं, कांदा, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार. शेतकऱ्याच्या हातात रोकड आली. १९८० च्या दशकात राज्यात विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयं निघाली, तिथून भरमसाट फी भरून बाहेर पडलेल्या डॉक्टरला कर्ज फेडता येईल अशी जागा हवी होती. ती त्याला कालव्याखाली आणि महामार्गावर मिळाली. अपघातांनी हाडांचे दवाखाने चालले. यात मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यातल्या काहींनी मोठं काम केलं आहे. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी सर्पदंशाच्या उपचारासाठी जी धडपड केली ती १९७८ मध्ये असती, तर त्या मुलाची गोष्ट मला वेगळी सांगता आली असती.

सरकारी नियमानुसार डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र हवं, सपाटीवर ३० हजारांमागे. ऐकायला ही सवलत वाटते. पण बाजारगावात २० हजार माणसं तास-दोन तासांच्या अंतरात येतात, डोंगरात ती दऱ्या-ओढ्यांपलीकडच्या वाड्यांत विखुरलेली असतात. तिथं नेमलेला तरुण डॉक्टर बंधपत्राचं वर्ष मोजत असतो. राहायला धड खोली नाही, नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी नाही, मूल झालं की शाळेचा प्रश्न. दंडाची रक्कम भरून सुटणारेही पुष्कळ निघाले. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं, की आयुष धरून देशात ८३६ लोकांमागे एक डॉक्टर आहे. भोर समितीच्या ६,३०० च्या तुलनेत ही केवढी प्रगती! पण सरासरीत फाटा आणि कोपरे एकाच रकान्यात बेरजेला जातात.

दुसरी वाट कोणाला सुचलीच नव्हती असं नाही. भोर समितीच्याही आधी, राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीनं हजार लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा असं सुचवलं होतं. तिचे प्रमुख होते साहिबसिंग सोखी, आणि ते संचालक होते मुंबईच्या त्याच हाफकिन संस्थेचे. १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्याच बायकांना शिकवून हे करून दाखवलं. आमच्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढूला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी तसंच काम उभं केलं. सरकारी पातळीवर मात्र गावोगाव 'आशा' यायला २००५ चं ग्रामीण आरोग्य अभियान उजाडावं लागलं. जानेवारी २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली. तिनं फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहतो.

परवा चौकात अशीच एक आशाताई भेटली. वरच्या एका वाडीतून बाळंतिणीला घेऊन आली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होती आणि ती परतीच्या जीपची वाट पाहत उभी होती. मी माझी ओळख दिली. कंपाउंडर अण्णांचा मुलगा म्हटल्यावर ती जरा थांबली. तिच्या सासऱ्यांकडून तिनं नाव ऐकलं होतं. काय ऐकलं होतं ते मी विचारलं नाही. गावात डॉक्टर कधी येतात, एवढंच विचारलं. "फिरतं पथक येतं की, सर, वार ठरलेला हाय," ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढून तिनं मला त्या महिन्याचे वार दाखवले. दोन वारांपुढं बरोबरची खूण होती. बाकीच्या दोन वारांपुढं तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाऊस. गाडी आली नाही.' तेवढ्यात जीप लागली. वही पिशवीत घालून ती मागच्या बाजूला, उभ्यानंच चढली.